शितावरून शिवाराची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा, हे तुम्ही घरी शंभरदा ऐकलं असेल. पण अख्ख्या शिवाराची परीक्षा करायची तर शित कुठून उचलायचं? भोकरदन असो की घनसावंगी, सोयाबीनच्या पीकविम्याचा हिशोब पीक कापणी प्रयोगावर होतो. मंडळातली मोजकी शेतं निवडायची, त्यात चौकोन आखून पीक कापायचं, मळायचं, वजन करायचं. त्यावरून मंडळाची सरासरी निघते. ती उंबरठा उत्पन्नाच्या खाली गेली तर भरपाई.

ही पद्धत भारतात रुजवणाऱ्यांतलं मोठं नाव म्हणजे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११चा, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. फर्ग्युसनमधून गणित घेऊन १९३२ला पदवी, १९३६ला लंडनमध्ये संख्याशास्त्रात पीएच.डी. १९४०मध्ये ते दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत आले.

तेव्हा पीक नजरेनं ठरायचं. बांधावरून बघायचं आणि इतके आणे म्हणून लिहायचं. सुखात्मे म्हणाले, नजर नको, चिठ्ठी टाका. गाव चिठ्ठीनं, शेत चिठ्ठीनं, शेतातली जागासुद्धा चिठ्ठीनं. म्हणजे कोणाची मर्जी चालत नाही आणि चूक किती असू शकते, तेही गणितानं सांगता येतं.

मग वाद झाला चौकोनाच्या आकारावर. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्यासारखे दिग्गज छोट्या तुकड्यांच्या बाजूचे होते. सुखात्म्यांनी १९४६ला ‘नेचर’मध्ये दाखवलं, की छोट्या तुकड्यात उत्पन्न फुगतं. का? वहीवर करून बघा. १ मीटरचा चौरस घेतला तर १ चौरस मीटरला कडा ४ मीटर. १० मीटरचा घेतला तर १०० चौरस मीटरला ४०, म्हणजे दर चौरस मीटरला फक्त ०.४. कापणारा माणूस दोरीवरची झाडं सहसा आतच धरतो. कड जास्त, तर घुसलेली झाडंही जास्त. कागदावर पीक वाढतं, शेतात नाही.

१९५१ ते १९७० ते रोममध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख होते. जगात उपाशी किती, याचा हिशोब त्यांनी तिथे मांडला. १९७१ला पद्मभूषण मिळालं. १९९७ला ते गेले.

यंदा तुमच्या गावात कापणी प्रयोग असेल तर मोबाईल खिशात ठेवून तिथं उभे राहा. जागा कशी निवडली आणि दोरीवरची झाडं कुठं गेली, एवढं बघा. चार झाडं इकडची तिकडं झाली, तरी फरक पूर्ण मंडळाच्या भरपाईत पडतो.