पाखरांच्या तारखा नोंदवणारा थोरो

हेन्री डेव्हिड थोरो हे नाव आपल्याकडे बहुधा गांधीजींच्या संदर्भात घेतले जाते. गुलामगिरी आणि मेक्सिकोवरील युद्ध यांच्या निषेधार्थ कर नाकारून एक रात्र तुरुंगात काढणारा आणि त्यावर निबंध लिहून सविनय कायदेभंगाच्या विचाराला आकार देणारा हा अमेरिकन लेखक. दुर्गाबाई भागवत यांनी ‘वॉल्डन’ मराठीत आणल्यामुळे तळ्याकाठच्या लाकडी घरात एकटा राहणारा थोरोही मराठी वाचकाला परका नाही. मात्र आयुष्याची शेवटची दहा वर्षे त्याने ज्या कामात खर्ची घातली, ते बराच काळ दुर्लक्षितच राहिले. रानातले कोणते फूल कोणत्या दिवशी उमलले आणि कोणता पक्षी कोणत्या तारखेला गावात परतला, याच्या नोंदींचे ते काम होते.

थोरोचा जन्म १२ जुलै १८१७ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील कॉन्कॉर्ड या छोट्या गावी झाला. वडिलांचा पेन्सिली बनवण्याचा व्यवसाय होता. १८३७ साली हार्वर्डमधून पदवी घेऊन तो गावी परतला आणि त्याच वर्षी त्याने रोजनिशी सुरू केली. थोरला भाऊ जॉन याच्यासह त्याने काही काळ शाळाही चालवली. पक्ष्यांची ओढ या दोन्ही भावांना होती. १८४२ च्या जानेवारीत दाढी करताना झालेल्या किरकोळ जखमेतून जॉनला धनुर्वात झाला आणि तो दगावला. हा घाव हेन्रीला फार लागला.

पोटापाण्यासाठी थोरो जमिनीची मोजणी करीत असे. त्याच्यातला हा मोजणीदार लक्षात घेतल्याशिवाय त्याचे पुढचे काम उमगत नाही. वॉल्डन तळ्याला तळच नाही, अशी गावात दंतकथा होती. १८४६ मध्ये तळे गोठलेले असताना थोरोने बर्फाला भोके पाडून, दोरीला वजन बांधून जागोजागी खोली मोजली. सर्वात खोल ठिकाणी ती १०२ फूट भरली. तळ्याला तळ आहे आणि तो किती खोल आहे, हे गावाला आकड्यात कळले.

१८५१ च्या सुमारास त्याने हीच मोजणीदाराची दृष्टी ऋतूंकडे वळवली. रोज दुपारी तीन-चार तास पायपीट करायची आणि पाहिलेले सारे तारखेनिशी लिहून काढायचे, हा त्याचा क्रम झाला. वसंताच्या सुरुवातीला निळ्या पाठीचा ब्लूबर्ड येई, मे महिन्यात वार्बलर जातीची चिमुकली पाखरे झाडांच्या शेंड्यांवर गाऊ लागत. प्रत्येकाच्या पहिल्या दर्शनाची किंवा पहिल्या गाण्याची तारीख त्याच्या वहीत उतरे. शेतकरी आणि शिकारी यांनी सांगितलेल्या गोष्टीही तो त्यांच्या नावानिशी टिपून ठेवी.

त्याची साधने बेताचीच होती. १८५४ साली त्याने आठ डॉलरला एक छोटी दुर्बीण विकत घेतली, तोवर भिस्त उघड्या डोळ्यांवर आणि कानांवर होती. साहजिकच चुकाही झाल्या. रात्री गाणाऱ्या एका पाखराची ओळख त्याला वर्षानुवर्षे पटली नाही. तो परिचित ओव्हनबर्डच असावा, असे नंतरच्या जाणकारांचे मत आहे.

१८६० च्या सुमारास थोरोने रोजनिशीची पाने चाळून मोठ्या कागदांवर तक्ते आखायला घेतले. आडव्या ओळीत वर्षे आणि खाली एकेक घटना, अशी त्यांची मांडणी होती. सरासरीच्या विचाराजवळ तो नक्की पोहोचला होता. एका वर्षीचा वसंत लवकर आला की उशिरा, हे त्या एका वर्षावरून सांगता येत नाही. दहा वर्षांच्या तारखा शेजारी शेजारी मांडल्या की नेहमीची तारीख कोणती आणि ती किती मागेपुढे सरकते, हे डोळ्यांना दिसू लागते. एकट्या माणसाने हौसेपोटी केलेली ही मांडणी आजच्या अभ्यासकालाही उपयोगी पडते.

तक्ते पुरे झाले नाहीत. डिसेंबर १८६० मध्ये झाडांच्या बुंध्यांवरील वाढीची वलये मोजायला थंडीत गेलेल्या थोरोला सर्दी जडली आणि जुना क्षय बळावला. रोजनिशीतील शेवटची नोंद ३ नोव्हेंबर १८६१ ची आहे. ६ मे १८६२ रोजी, ऐन पाखरांच्या हंगामात, वयाच्या ४४ व्या वर्षी त्याचे निधन झाले. त्याचा मित्र आणि मार्गदर्शक राल्फ वाल्डो इमर्सन याने अंत्यविधीच्या भाषणात गौरव केला, तशी खंतही व्यक्त केली. देशासाठी काही मोठे करण्याची कुवत असलेला हा माणूस रानातली फळे वेचणाऱ्या मुलांचा म्होरक्या होण्यावरच समाधानी राहिला, असा त्या खंतीचा आशय होता. रोजनिशी १९०६ साली १४ खंडांत छापली गेली, मात्र तक्त्यांचे सुटे कागद विखुरले गेले.

इमर्सनच्या तक्रारीला उत्तर मिळायला जवळपास दीड शतक जावे लागले. बोस्टन विद्यापीठाचे रिचर्ड प्रायमॅक आणि अब्राहम मिलर-रशिंग यांनी २००० नंतरच्या दशकात हे तक्ते मिळवले आणि कॉन्कॉर्डच्या रानात पुन्हा तारखा टिपल्या. ४३ सामान्य वनस्पतींची तुलना करता १८५२ ते १८५८ च्या मानाने २००४ ते २००६ मध्ये त्या सरासरी सात दिवस आधी फुलत असल्याचे आढळले. दरम्यान जागतिक तापमानवाढ आणि शहरीकरण यांमुळे या भागाचे तापमान सुमारे २.४ अंश सेल्सियसने वाढले होते.

पक्ष्यांचे चित्र इतके सरळ नव्हते. थोरोनंतर विल्यम ब्रूस्टर, लडलो ग्रिस्कम आदी निरीक्षकांनी कॉन्कॉर्ड परिसरात ठेवलेल्या नोंदी जोडून २०१० साली २२ गाणाऱ्या पक्ष्यांच्या आगमनाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी बहुतेकांच्या तारखांत ठळक बदल दिसला नाही. दक्षिणेत दूरवर हिवाळा घालवणाऱ्या पाखराला कॉन्कॉर्डच्या उबेची वार्ता कळणार कशी? ते निघते ते मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून.

शिवाय खुद्द पहिल्या आगमनाची तारीखच फसवी असते. ती हजारो पाखरांपैकी सर्वांत घाईच्या एकाची तारीख असते, सगळ्या थव्यांची नव्हे. पाखरांची संख्या घटली तर असा घाईचा एखादा दिसण्याची शक्यताही घटते आणि पक्षी उशिरा येऊ लागल्याचा भास होतो. बोस्टनच्या दक्षिणेस मॅनोमेट येथे जाळी लावून पक्षी पकडून, मोजून सोडले जातात. तेथील १९७० ते २००२ या ३३ वर्षांच्या आकडेवारीत ३२ जातींची पहिल्या पाखराची तारीख दर दशकामागे सरासरी ०.२० दिवस पुढे गेलेली दिसली, तर सर्व पाखरांची सरासरी तारीख ०.७८ दिवस अलीकडे आली होती. या विसंगतीचे मुख्य कारण घटती संख्या हेच निघाले. थोरोच्या आणि नंतरच्यांच्या पहिल्या तारखा शेजारी मांडताना म्हणूनच त्या-त्या काळी पाखरे किती होती आणि पाहणारे किती होते, हा हिशेब अभ्यासकांना आधी करावा लागतो.