बातम्या वाचणाऱ्या स्मिता पाटील



स्मिता पाटील हे नाव पालकांना अभिनेत्री म्हणून परिचित आहे. मात्र त्यांची सुरुवात मराठी बातम्या वाचण्यापासून झाली. या अंकात आम्ही त्यांचीच ओळख करून देत आहोत.

स्मिता यांचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ रोजी पुण्यात झाला. वडील शिवाजीराव स्वातंत्र्यसैनिक व पुढे मंत्री, तर आई विद्याताई परिचारिका व समाजसेविका. राष्ट्र सेवा दलाचे संस्कार त्यांच्यावर लहानपणीच झाले.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तेव्हा चित्र कृष्णधवल असे. तेथे कॉलेजवयातील स्मिता मराठी बातम्या वाचू लागल्या. त्यांना जीन्स आवडे. पण बातम्यांना साडी हवी, म्हणून त्या जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसत. मुलांना याची गंमत वाटेल. वाचन मात्र स्पष्ट आणि शांत असे. दिग्दर्शक श्याम बेनेगल यांनी त्यांच्यातील गुण ओळखले आणि 'चरणदास चोर' या बालचित्रपटात (१९७५) त्यांना राजकन्येची भूमिका दिली.

पुढे 'मंथन' (१९७६) आला. गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी २ रुपये देऊन हा चित्रपट उभा केला. 'भूमिका' आणि 'चक्र' या चित्रपटांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. मराठीत 'जैत रे जैत' (१९७७) आणि 'उंबरठा' (१९८२) गाजले. या दोन्हींचे संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचे. त्यांचे घराणे आपल्या गोव्यातील मंगेशीचे, हे आम्ही अभिमानाने सांगतो. 'उंबरठा'मध्ये घराबाहेर पडून काम करू पाहणाऱ्या स्त्रीची कथा आहे. पडद्याबाहेरही स्मिता स्त्रियांच्या प्रश्नांसाठी झटत राहिल्या. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

२८ नोव्हेंबर १९८६ रोजी त्यांना मुलगा झाला. बाळंतपणानंतर प्रकृती बिघडली आणि १३ डिसेंबरला, अवघ्या ३१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. बाळ सुखरूप जन्मले म्हणजे आईचा धोका टळला असे नव्हे, हे प्रत्येक घराने लक्षात ठेवावे. बाळंतिणीचा साधा तापही अंगावर काढू नये.

आमच्या पेडणे-डिचोलीच्या गावांत मुली अभ्यासात मागे नाहीत. पण माइक समोर आला की त्या मागे सरतात, आणि कधी कधी घरचेच त्यांना मागे ओढतात. सकाळच्या प्रार्थनासभेत बातम्या वाचण्याचे काम छोटे दिसते. स्मिता यांनी असेच एक काम मनापासून केले आणि त्यातूनच पुढची वाट निघाली. म्हणून पालकांना आमची विनंती आहे, मुलीला घरी रोज वर्तमानपत्राचा एक परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगा आणि तो शेवटपर्यंत ऐका. तिला ऐकणारे पहिले माणूस घरातच मिळाले पाहिजे.

— मुख्याध्यापक