महाराजा सयाजीराव गायकवाड : छापील चित्र आणि फिरती पेटी

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांचा परिचय बहुधा डॉ. आंबेडकरांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देणारे संस्थानिक म्हणून करून दिला जातो. प्रस्तुत घटकात आपण त्यांच्या चरित्राचा त्याहून कमी परिचित भाग पाहणार आहोत.

त्यांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणा या खेड्यात, शेतकरी कुटुंबात झाला. मूळ नाव गोपाळराव. मल्हारराव गायकवाड पदच्युत झाल्यावर १८७५ मध्ये खंडेरावांच्या विधवा जमनाबाई यांनी त्यांना दत्तक घेतले, तेव्हा या बारा वर्षांच्या मुलाला अक्षरओळख नव्हती. पुढील सहा वर्षांत त्यांना वाचन, भाषा आणि राज्यकारभार शिकावा लागला. त्या वेळी दिवाण होते टी. माधवराव. डिसेंबर १८८१ मध्ये सयाजीरावांनी कारभार हाती घेतला. प्रौढ वयात शिकणाऱ्या वाचकांनी त्यांच्या ग्रंथालयप्रेमाचे मूळ या उशिरा झालेल्या अक्षरओळखीत शोधावे, असे मला वाटते. जन्मतः ग्रंथांत वाढलेल्या माणसाला ग्रंथ दुर्मीळ असतो याची जाणीव सहसा नसते.

आधी चित्रांविषयी. राजा रविवर्मा यांच्याकडून महाराजांनी रामायण-महाभारतातील प्रसंगांवर चौदा चित्रे काढून घेतली. ती राजवाड्यात लागण्यापूर्वी मुंबईत लोकांसाठी मांडली गेली आणि बडोद्यातही जनतेला पाहता आली. दोन्हीकडे मोठी गर्दी लोटली. परंतु प्रदर्शन संपले की मूळ चित्र एकाच भिंतीवर राहते. चित्रे छापून घरोघर पोचवावीत, ही सूचना टी. माधवरावांनी रविवर्म्यांना १८८४ मध्येच केली होती. १८९४ मध्ये रविवर्म्यांनी मुंबईत गिरगाव येथे छापखाना सुरू केला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा, आणि एकाच कागदावर एकामागून एक ठसे, असे हे शिळामुद्रण कष्टाचे होते. छापखाना महाराजांचा नव्हता आणि चित्रकाराला तो आर्थिकदृष्ट्या झेपलाही नाही. तरीही लक्ष्मी-सरस्वतीची छापील चित्रे सामान्यांच्या घरांत गेली, हे त्याचेच फळ होय.

ग्रंथांच्या बाबतीत मात्र राज्यानेच पुढाकार घेतला. अमरेलीत १८९३ पासून सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला, १९०६ मध्ये ते संस्थानभर लागू झाले. पण शाळा सुटल्यावर वाचायला काही नसेल तर शिकलेले विसरते. ही अडचण ओळखून महाराजांनी न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना १९१० मध्ये बडोद्यास आणले. मध्यवर्ती ग्रंथालयाला त्यांनी स्वतःचा ग्रंथसंग्रह दिला. स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी स्वतंत्र सोय झाली. दृश्य शिक्षणाची एक शाखाही होती. ज्यांना वाचता येत नसे त्यांना दीपयंत्राने चित्रे दाखविली जात. चित्र आणि अक्षर येथे एकाच खात्यात आले, हे लक्षात घ्यावे.

गावासाठी ग्रंथालय उघडताना खर्चाचे तीन वाटे होत : लोकांचा, पंचायतीचा आणि सरकारचा. गावाने वर्गणी जमवली तरच उरलेली रक्कम मिळे. ही अट मला पूर्णपणे न्याय्य वाटत नाही. ज्या वस्तीत पैसाच नाही ती मागे पडणार, हे उघड आहे. तिची काहीशी भरपाई फिरत्या ग्रंथालयाने केली. पुस्तकांनी भरलेली लाकडी पेटी मध्यवर्ती ग्रंथालयातून निघे, गावात काही काळ राही, परत येई आणि नव्या पुस्तकांची पेटी जाई. वाहतुकीचा खर्च सरकार करी. वर्धा-वैनगंगेच्या मधल्या गोंडपिपरीसारख्या वनतालुक्यातील विद्यार्थ्याला या व्यवस्थेचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

भाषाभ्यासकांनी आणखी एका कामाची नोंद घ्यावी. १९३१ मध्ये त्यांच्या प्रेरणेने सयाजी शासन शब्दकल्पतरू हा आठ भाषांतील शासनव्यवहाराचा कोश निघाला. त्यांत मराठीही होती. सरकारी कागद लोकांना वाचता यावा, यासाठी केवळ साक्षरता पुरेशी नसते, शब्दही ओळखीचे हवेत. १९३२ मध्ये कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.