वाराणसीचे पंडित ते फादर गोरे : पाद्री व्हायला वीस वर्षे घेतलेला माणूस

पंडिता रमाबाईंचे नाव आपल्याकडे शाळेतल्या पोरांनाही माहीत असते. पण रमाबाई ज्यांचे पत्र वाचून विचारात पडल्या, ते फादर नेहेम्या गोरे आज फारसे कुणाला आठवत नाहीत.

मूळ नाव नीळकंठ. घराणे मराठी, चित्पावन ब्राह्मण. जन्म 1825 चा, झाशीकडच्या एका गावातला. वाढले मात्र काशीत. संस्कृत आणि न्यायशास्त्र असे पक्के केले, की पोरसवदा वयातच लोक त्यांना शास्त्री म्हणू लागले. त्या काळी काशीत मिशनरी बाजारात उभे राहून बोलायचे. त्यांची तोंडे एकदाची बंद करावीत म्हणून नीळकंठशास्त्री विल्यम स्मिथ नावाच्या पाद्र्याकडे वाद घालायला गेले. ख्रिस्ती मताचे खंडन करणारा संस्कृत ग्रंथही त्यांनी लिहिला. वय तेव्हा जेमतेम वीस!

पण वाद घालता घालता स्वतःच्याच मनात प्रश्न उभे राहिले. तीनेक वर्षे ही ओढाताण चालली. शेवटी मार्च 1848 मध्ये काशी सोडून जौनपूरला जाऊन त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळात याचा अर्थ काय, हे गावाकडच्या माणसाला वेगळे सांगायला नको. घर तुटले, जात तुटली. पत्नी लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे आल्या, पण 1853 मध्ये मुलगी झाली आणि थोड्याच काळात त्या वारल्या. आईविना राहिलेली ती पोर, एलन, दुसऱ्यांच्या घरी वाढली आणि पुढे इंग्लंडला गेली. धर्माच्या शोधात बापाने लेकीला दुरावले, हे वाचताना मनाला लागतेच.

1854 मध्ये महाराजा दुलीपसिंगांबरोबर ते स्वतःही विलायतेला जाऊन आले. परतल्यावर हिंदीत षड्दर्शनांवर मोठा ग्रंथ लिहिला. एवढा विद्वान माणूस. मिशनवाल्यांना वाटणारच, की याने लगेच पाद्री व्हावे. पण गोरे प्रचारकाचेच काम करत राहिले. कारण त्यांचा स्वभाव. शंका त्यांची पाठ सोडत नसे. जे पटले ते खरेच पटले का, हे ते पुन्हा पुन्हा तपासून बघत. आणि अँग्लिकन चर्चमध्ये पाद्री होणे म्हणजे नुसती नोकरी नव्हे. बिशप डोक्यावर हात ठेवून दीक्षा देतो. आधी डीकन, मग प्रीस्ट. एकदा घेतली की ती जन्माची.

बाप्तिस्म्यानंतर वीस वर्षांनी, 1868 मध्ये, ते डीकन झाले आणि 1870 मध्ये प्रीस्ट. वय पंचेचाळीस. पुढे ब्रह्मचर्य आणि गरिबीचे व्रत घेणाऱ्या अँग्लिकन साधूंच्या संघात, म्हणजे कावली फादर्समध्ये, त्यांनी उमेदवारी धरली. इथेही तेच झाले. शेवटचे कायमचे व्रत त्यांनी कधीच घेतले नाही, उमेदवारच राहिले. कुणी याला कच्चेपणा म्हणेल. आम्हाला तरी वाटते, की मन पुरते तयार नसताना शपथ घेणे त्यांना खोटेपणा वाटत असावा.

पुण्यात ते कावली फादर्सबरोबर राहत. प्रार्थना समाज आणि ब्राह्मो समाजातल्या शिकलेल्या मंडळींशी त्यांचे वाद झडत. लिखाणही चालूच होते. त्यातलेच त्यांचे एक पत्र इंग्लंडात वाँटेजला असलेल्या रमाबाईंच्या हाती पडले. 1883 च्या सप्टेंबरात रमाबाईंनी तिथेच बाप्तिस्मा घेतला. ज्या माणसाची स्वतःची शंका कधी मिटली नाही, त्याच्या लिहिण्याने रमाबाईंसारख्या पंडितेची शंका मिटली, ही गोष्ट मोठी विलक्षण.

लेक एलन 1880 मध्ये भारतात परतली होती. ती कविता लिहायची. तिची इंग्रजी भजने बाहेरदेशीही गायली गेली. फादर गोरे 1895 च्या ऑक्टोबरात मुंबईत वारले. त्यानंतर दोन वर्षांनी, 1897 मध्ये, एलनने अलाहाबादला डीकनेस म्हणून चर्चच्या सेवेची दीक्षा घेतली.