रेशमी नक्षीचा यंत्रकार

फ्रान्समधील लियाँ हे शहर फार पूर्वीपासून रेशमी वस्त्रांसाठी प्रसिद्ध होते. तेथेच ७ जुलै १७५२ रोजी एका विणकराच्या घरी जोसेफ झाकार याचा जन्म झाला.

त्या काळी वेलबुट्टीचे कापड एकट्या विणकराला विणता येत नसे. नक्षी उठविण्यासाठी ताण्याचे ठरावीक धागेच वर उचलावे लागत. मागाशी उभा असलेला एक पोऱ्या दोऱ्या ओढून ते उचलून धरी आणि मग विणकर त्यांखालून धोटा फेकी. एक आडवा धागा बसला, की पुन्हा निराळ्या दोऱ्या. सकाळपासून रात्रीपर्यंत हेच चाले. हे काम बहुधा कोवळ्या मुलांच्या वाट्याला येई. झाकारनेही बालपणी हे कष्ट सोसले, असे सांगतात.

वडिलांमागे मिळालेली मालमत्ता त्याच्या हाती टिकली नाही. १७९३ मध्ये, क्रांतीच्या धामधुमीत, लियाँला वेढा पडला, तेव्हा तो शहराच्या बाजूने लढला. पुढे त्याचा मुलगा युद्धात कामी आला. पुत्रशोक उरात घेऊन तो पुन्हा मागाकडे वळला.

मागाची सारी कल्पना त्याचीच होती, असे मात्र नाही. नक्षीसाठी भोके पाडलेला कागद बुशाँ याने १७२५ मध्येच वापरला होता, आणि वोकांसाँ याने बांधलेला स्वयंचलित माग पॅरिसच्या संग्रहालयात धूळ खात पडला होता. झाकारने तो बारकाईने अभ्यासला आणि १८०४ मध्ये आपले यंत्र सिद्ध केले. त्यात पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ असे. पट्टीला भोक असेल तेथे सुई आत शिरे व तिच्याशी जोडलेला धागा उचलला जाई; भोक नसेल तेथे धागा खालीच राही. प्रत्येक आडव्या धाग्याला एक पट्टी. पोऱ्याची गरजच उरली नाही!

नेपोलियनच्या राजवटीत झाकारला ३,००० फ्रँकांचे वार्षिक वेतन मिळाले. परंतु लियाँचे विणकर खवळले. त्यांनी त्याचा माग भर चौकात मोडला, असे म्हणतात. त्यांच्या रागाला नुसते अज्ञान म्हणता येणार नाही. पोराचे हात दोऱ्यांतून सुटले खरे, पण त्याच हातांची मजुरी कित्येक घरांची चूल पेटवीत होती.

तरीही काही वर्षांत असे हजारो माग फ्रान्समध्ये खडखडू लागले. पुढे ते देशोदेशी गेले. सोलापुरी चादरीवरील नक्षी ज्या जॅकार्डने उठते, त्याला हे नाव याच झाकारवरून मिळाले आहे.

७ ऑगस्ट १८३४ रोजी झाकार मरण पावला. नंतर १८३९ मध्ये लियाँच्याच एका विणकराने त्याचे चित्र रेशमात विणले. त्यासाठी सुमारे २४,००० पट्ट्या लागल्या. चित्रात झाकार हाती कंपास घेऊन बसला आहे आणि शेजारी त्याच्या मागाची लहान प्रतिकृती आहे. इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेज याने ते चित्र मिळवून आपल्या घरी लावले होते. त्याचे पाहुणे जवळ जाऊन पाहत, तरीही त्यांना ते छापलेलेच वाटे.