शिक्षकांचे शिक्षक : डॉ. झाकिर हुसेन

भारताचे तिसरे राष्ट्रपती म्हणून डॉ. झाकिर हुसेन यांचे नाव आपल्या सर्वांना ठाऊक आहे. राष्ट्रपतिपदावर पोहोचलेले ते पहिले मुसलमान. परंतु ह्या मोठ्या पदाआधी त्यांच्या आयुष्याची ऐन उमेदीची बावीस वर्षे एका गरीब शिक्षणसंस्थेत गेली, आणि लहान मुलांना शिकविणारा शिक्षक कसा घडवावा या प्रश्नाचा त्यांनी तेथे ध्यास घेतला, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. आपल्या मुलांपैकी अनेकजण आज शिक्षकी पेशाकडे वळतात. त्यांच्यासाठी व त्यांच्या पालकांसाठी ही जीवनकथा उपयोगी पडावी.

झाकिरसाहेबांचा जन्म ८ फेब्रुवारी १८९७ रोजी हैदराबाद येथे झाला. घराणे मूळचे उत्तर प्रदेशातील कायमगंजचे. वडील फिदा हुसेन खान हे हैदराबादेत नावाजलेले वकील होते. झाकिरसाहेब दहा वर्षांचे असताना पितृछत्र हरपले व कुटुंब कायमगंजला परतले. इटाव्याच्या इस्लामिया हायस्कूलमध्ये ते शिकत असतानाच १९११ साली प्लेगच्या साथीत मातोश्रीही गेल्या. अशा पोरक्या मुलाला शाळेनेच सावरले. शिक्षक हा केवळ धडे देणारा माणूस नसतो, हे त्यांना अनुभवाने कळले.

पुढे ते अलीगढच्या कॉलेजात दाखल झाले. १९२० साली असहकाराची हाक घेऊन महात्मा गांधी व अलीबंधू अलीगढला आले. झाकिरसाहेब त्या वेळी एम.ए.चे विद्यार्थी होते आणि कॉलेजात शिकवीतही होते. सरकारी मदतीवर चालणारे कॉलेज सोडायचे, म्हणजे सुखाची नोकरी व प्रतिष्ठा यांवर पाणी सोडायचे. त्यांनी ते सोडले. २९ ऑक्टोबर १९२० रोजी जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना झाली, तिच्या पहिल्या मंडळींत ते होते. १९२२ मध्ये ते जर्मनीस गेले आणि बर्लिन विद्यापीठातून अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवून १९२६ साली परतले.

परतले तेव्हा जामिया दिल्लीत करोलबागेत आली होती. खिलाफत चळवळ ओसरली होती, देणग्या आटल्या होत्या, संस्था बंद करावी असे म्हणणारेही होते. बर्लिनची पदवी घेतलेल्या एकोणतीस वर्षांच्या या तरुणाने तिचे कुलगुरुपद पत्करले. १९२७ च्या अखेरीस हकीम अजमल खान यांचे निधन झाले व आर्थिक आधारही तुटला. तेव्हा झाकिरसाहेबांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिज्ञा केली की वीस वर्षे संस्थेची सेवा करू आणि दरमहा दीडशे रुपयांहून अधिक वेतन घेणार नाही. प्रत्यक्षात हाती पडे ते त्याहूनही कमी, आणि तेही वेळेवर नाही.

कुलगुरू असूनही त्यांचे मन प्राथमिक शाळेत रमे. घाणेरडे बूट घालून येणाऱ्या मुलांना सांगून उपयोग होईना, तेव्हा ते स्वतः ब्रश व पॉलिश घेऊन दारात बसले, अशी आठवण सांगितली जाते. मुलांसाठी त्यांनी गोष्टी लिहिल्या. त्यांतील अब्बू खाँच्या बकरीची गोष्ट उर्दू वाचणाऱ्या घराघरांत पोहोचली. जामियातील आणखी एक आठवण हृदय हलविणारी आहे. प्राथमिक शाळेत मुलांना मिठाई वाटत असताना त्यांची चिमुकली मुलगी वारल्याची खबर आली. मुलांच्या आनंदावर विरजण पडू नये म्हणून वाटप पुरे करून मगच ते घरी गेले.

१ मार्च १९३५ रोजी ओखला येथे जामियाच्या नव्या इमारतीची पायाभरणी झाली, तो दगड शाळेतील सर्वांत लहान विद्यार्थ्याच्या हातून बसविण्यात आला. संस्थेत मोठे कोण, याचे उत्तर त्यातच होते.

ऑक्टोबर १९३७ मध्ये आपल्या वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. हस्तोद्योगाद्वारे शिक्षण द्यावे, हा विचार तेथे मांडला गेला. त्याची योजना आखण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद झाकिरसाहेबांकडे आले. विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, ख्वाजा गुलाम सैयदैन आदी तिचे सभासद होते. त्याच वर्षी डिसेंबरात अहवाल सादर झाला. सात ते चौदा वर्षांच्या मुलामुलींना मोफत व सक्तीचे शिक्षण, तेही मातृभाषेतून, ही त्याची मुख्य सूत्रे. महाराष्ट्रात पुढे हेच मूलोद्योग शिक्षण म्हणून ओळखले गेले.

या अहवालात एक इशाराही होता. उद्योगातून पैसा निघावा यावरच भर दिला, तर शिक्षक मुलांकडून नुसते काम काढून घेतील व शिक्षण बाजूला राहील. म्हणून सारी भिस्त शिक्षकावर. मॅट्रिक झालेल्या, किंवा व्हर्नाक्युलर फायनलनंतर शिकविण्याचा अनुभव घेतलेल्या तरुणांना तीन वर्षांचे प्रशिक्षण द्यावे, अशी शिफारस होती. निकड भागविण्यासाठी एक वर्षाचा छोटा अभ्यासक्रमही सुचविला होता. होतकरू शिक्षकांनी एकत्र राहावे, स्वतः टकळी चालवावी, आरोग्य व समाजशास्त्र शिकावे, आणि जाणत्यांच्या देखरेखीखाली सराव शाळेत प्रत्यक्ष पाठ घ्यावेत. जे स्वतःच्या हाताने केले नाही, ते दुसऱ्याला कसे शिकविणार? १९३८ साली जामियातच अशा शिक्षकांची शाळा सुरू झाली. तिचे नावही साधेच ठेवले : उस्तादों का मदरसा.

हे सारे सुखासुखी झाले नाही. योजनेत धर्मशिक्षणाला जागा नाही म्हणून मुस्लिम लीगने तिला कडाडून विरोध केला. झाकिरसाहेबांवर स्वकीयांकडूनच टीकेचा भडिमार झाला. त्यांनी वाद वाढविला नाही, काम सोडले नाही. १९४६ च्या नोव्हेंबरात जामियाचा रौप्यमहोत्सव झाला, तेव्हा नेहरू, आझाद, जिना व लियाकत अली खान एकाच व्यासपीठावर आले. ते घडवून आणणारे हेच शिक्षक! आणि लगेच पुढच्या वर्षी, फाळणीच्या वणव्यात, जालंधर स्टेशनावर त्यांच्या जिवावर बेतले. एका शीख अधिकाऱ्याने व एका हिंदू रेल्वे कर्मचाऱ्याने त्यांना वाचविले.

१९४८ पासून १९५६ पर्यंत अलीगढचे कुलगुरू, मग १९५७ मध्ये बिहारचे राज्यपाल, १९६२ मध्ये उपराष्ट्रपती, १९६३ मध्ये भारतरत्न, १९६७ मध्ये राष्ट्रपती, असा पुढचा प्रवास आहे. ३ मे १९६९ रोजी पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. दफन झाले ते जामियाच्याच आवारात.

मूलोद्योगी शाळा काळाच्या ओघात मागे पडल्या. अनेक ठिकाणी टकळी उरली आणि तिच्यामागचा विचार हरवला, कारण तसे शिक्षक पुरेसे तयारच झाले नाहीत. झाकिरसाहेबांनी दिलेला इशारा अशा रीतीने खरा ठरला.

पालकहो, दुसरे काही जमले नाही म्हणून मुलाला शिक्षक करू नका. विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही पहिलीच्या वर्गावर उभे राहणार असाल तर ते काम कमी प्रतीचे समजू नका. बर्लिनहून आलेल्या एका डॉक्टरेटधारकाने तेच काम आयुष्यभर थोर मानले. त्यासाठी पुरी तयारी करा, हात आणि मन दोन्ही शिकवून घ्या. समाजाची पुढची पिढी तुमच्यापुढे बाकावर बसलेली असेल.