देवळाच्या भिंतीवर महाराज रंगवणाऱ्या पोराने पुढे पुण्यातला साडेतेरा फुटी पुतळा घडवला

फेब्रुवारी जवळ आला की बारामती, इंदापूरच्या बाजूला शिवजयंतीची गडबड सुरू होते. मंडळांचे अर्धपुतळे बाहेर निघतात. धूळ झटकली जाते, उडालेला रंग खरवडला जातो, जिरेटोपाला नव्याने सोनेरी रंग लागतो. एखादा हौशी कार्यकर्ता दाढीच्या कडा बारीक ब्रशने नीट करतो, कुणी तुटलेला मोत्याचा तुरा एम-सीलने जोडून देतो. युरोपात केल्टिक किंवा रोमन योद्ध्यांचे मोठे अर्धपुतळे विकत घेऊन ते रंगवायचा, त्यात बदल करायचा रीतसर छंद आहे. आपल्याकडे त्याला कुणी छंद म्हणत नाही एवढंच.

या भागाचं भोसले घराण्याशी नातंही जुनं आहे. शिवरायांचे आजोबा मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडले. बारामती तालुक्यातलं सुपे आणि इंदापूर, दोन्ही परगणे शहाजीराजांच्या जहागिरीत होते.

पण घोड्यावर बसलेले, रुबाबदार, जिवंत वाटणारे शिवाजी महाराज असं म्हटलं की डोळ्यांसमोर जे चित्र येतं, त्यात एका माणसाचा मोठा वाटा आहे. विनायक पांडुरंग करमरकर. लोक त्यांना नानासाहेब करमरकर म्हणायचे.

त्यांचा जन्म २ ऑक्टोबर १८९१ चा. गाव सासवणे, अलिबाग तालुक्यातलं, समुद्राला लागून. घरी शेती आणि जोडीला गणपती घडवायचं काम. म्हणजे माती मळणं, तिला आकार देणं आणि मग रंगवणं हे शिक्षण पोराला कुठल्याही शाळेच्या आधी घरातच मिळालं. गणपतीच्या कारखान्यात ज्याने लहानपण काढलंय त्याला ठाऊक असतं की डोळे रंगवायचं काम सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात हुशार हाताकडे जातं.

तर झालं असं, की या पोराने गावातल्या देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढलं. त्या वेळी कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर होते ऑटो रॉथफिल्ड. साहेब फिरतीवर आले, त्यांनी ते चित्र पाहिलं आणि काढणाऱ्याची चौकशी केली.

हे रॉथफिल्ड साहेब नुसते महसूल गोळा करणारे अधिकारी नव्हते. पुढे त्यांनी भारतीय स्त्रियांवर पुस्तक लिहिलं आणि त्यातली चित्रं काढली ती एम. व्ही. धुरंधर यांनी. म्हणजे चित्रातलं त्यांना कळत होतं. त्यांनी विनायकला मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये घालायची व्यवस्था केली. आता यातली गंमत बघा. ज्या राज्यकर्त्यांना शिवाजी या नावाची थोडी धास्तीच वाटायची, त्यांच्याच एका अधिकाऱ्याने शिवरायांचं चित्र पाहून एका खेड्यातल्या पोराचं आयुष्य बदललं.

जे. जे. मध्ये करमरकरांनी शिल्पकला घेतली आणि शिक्षण पूर्ण केलं. त्यानंतर खरा प्रश्न होता पोटाचा. शिल्पकाराचं काम चित्रकारासारखं नसतं. त्याला जागा लागते, माती, प्लास्टर, मदतनीस लागतात आणि काम देणारा श्रीमंत माणूस लागतो. अशा वेळी रवींद्रनाथ टागोरांचे पुतणे सुरेंद्रनाथ टागोर यांची मदत झाली. १९१६ च्या सुमारास करमरकर कलकत्त्याला गेले आणि तिथे त्यांनी स्टुडिओ थाटला. कोकणातल्या माणसाचं बंगालात बस्तान बसलं. १९२० साली ते इंग्लंडला गेले, लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकले. धातूचं ओतकाम कसं चालतं हेही त्यांनी तिकडे जवळून पाहिलं. १९२३ मध्ये ते परतले.

इकडे पुण्यात एक मोठं काम रखडलं होतं.

राजर्षी शाहू महाराजांच्या मनात पुण्यात शिवरायांचं भव्य स्मारक उभारायचं होतं. त्यासाठी १९१७ साली ऑल इंडिया श्री शिवाजी मेमोरियल सोसायटी स्थापन झाली. १९ नोव्हेंबर १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्ते पायाभरणी झाली. जागा होती भांबुर्ड्याची, म्हणजे आजचं शिवाजीनगर.

पायाभरणी झाली, पण मे १९२२ मध्ये शाहू महाराज गेले. या कामामागे उभे राहिलेले ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे १९२५ मध्ये गेले. पुतळ्याचा पत्ता नव्हता. तेव्हा शिवजन्माचं साल १६२७ धरलं जायचं, त्यामुळे १९२७ हे त्रिशताब्दीचं वर्ष. तेही सरलं. शाहूंच्या मागे राजाराम महाराजांनी हे काम नेटाने धरून ठेवलं.

शिवाय त्या काळचं पुणं डोळ्यांसमोर आणा. ब्राह्मणेतर चळवळ ऐन भरात होती. पुणे नगरपालिकेत महात्मा फुल्यांच्या पुतळ्याच्या प्रस्तावावरून रणकंदन झालं होतं. कुणाचा पुतळा, कुणी उभारायचा आणि कुठे, हा त्या शहरात साधा प्रश्न राहिला नव्हता. कोल्हापूरच्या छत्रपतींचं स्मारक अर्धवट राहिलं असतं तर हसणारे पुष्कळ होते.

हे काम करमरकरांनी अंगावर घेतलं.

अश्वारूढ पुतळा म्हणजे शिल्पकाराची परीक्षाच. माणसाचा अर्धपुतळा खांद्यांवर बसतो, त्याचा तोल सांभाळायचा प्रश्न नसतो. घोड्याचं मात्र सगळं वजन बारीक पायांवर येतं. आधी छोटा नमुना करायचा, मग लोखंडी सांगाड्यावर माती चढवून तो पूर्ण आकारात न्यायचा. नमुन्यात बोटभर चुकलं की मोठ्या पुतळ्यात ती चूक हातभर होते. मातीवरून प्लास्टरचा साचा आणि शेवटी त्या साच्यावरून ब्राँझ.

बहुतेक मोठे पुतळे तुकड्यांत ओतून नंतर जोडतात. धड वेगळं, पाय वेगळे, घोड्याची मान वेगळी. त्यात शहाणपण असतं, कारण एखादा तुकडा बिघडला तर तेवढाच पुन्हा करता येतो. करमरकरांचा पुतळा मात्र अखंड ओतायचा ठरला, एकाच दमात.

साच्यात वितळलेला धातू ओतताना तो सगळीकडे एकसारखा पोचावा लागतो. मध्येच थंड पडला तर सांधा राहतो. आतली हवा बाहेर पडायला वाट नसेल तर पोकळी राहते. साच्यात ओल असेल तर वाफ होऊन साचाच फुटतो. काही टन धातू एका वेळी वितळवून तयार ठेवायचा आणि ओतायला सुरुवात केली की थांबायचं नाही. बिघडलं तर महिनोन्‌महिन्यांची मेहनत भंगारात.

मुंबईत माझगावला हे ओतकाम झालं, जून १९२८ च्या सुरुवातीला. आणि पुतळा अखंड उतरला. उंची साडेतेरा फूट, वजन आठ टनांच्या घरात. तिथून हा अवजड ऐवज घाट चढवून पुण्याला आणायचा होता, आणि हातात उरले होते थोडे दिवस. १६ जून १९२८ रोजी मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते अनावरण झालं.

याच विल्सन साहेबांचा पुतळा पुढे कोल्हापुरात उभा राहिला होता. बेचाळीसच्या चळवळीत लोकांनी तो विद्रूप केला आणि १९४५ मध्ये त्या जागी शिवाजी महाराजांचा पुतळा बसला, बाबूराव पेंटरांनी घडवलेला. ज्या हातांनी पुण्यात पडदा बाजूला केला, त्यांच्याच मालकाला कोल्हापुरात जागा सोडावी लागली.

पुण्यातला पुतळा आजही श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात आहे. नीट बघितलं तर लक्षात येतं की घोडा नुसता उभा नाही, तो चाललाय. मानेच्या शिरा, नाकपुड्या, लगामाचा ताण, सगळं दिसतं. आणि महाराज त्या चालीत सहज बसलेत, छायाचित्रासाठी ताठ झाल्यासारखे नाहीत. वा. सी. बेंद्रे यांनी महाराजांचं अस्सल चित्र १९३३ मध्ये लोकांसमोर आणलं, म्हणजे पुतळा उभा राहिल्यानंतर पाच वर्षांनी. तोवर भलत्याच माणसाचं चित्र शिवाजी महाराज म्हणून खपत होतं. हे लक्षात घेतलं की १९२८ मध्ये चेहऱ्याचं काम किती अवघड असेल याचा अंदाज येतो.

रंगाचं म्हणाल तर ब्राँझला ब्रशने रंग देत नाहीत. ताजं ओतलेलं ब्राँझ पिवळसर चमकतं. त्याला उष्णता आणि रसायनं देऊन तपकिरी किंवा हिरवट काळा रंग आणतात, तो धातूच्या पृष्ठभागातच मुरतो. म्हणून तो पोपडे होऊन पडत नाही. अशा पुतळ्यावर कुणी प्रेमापोटी सोनेरी ऑइल पेंट फासला, तर शिल्पकाराने कोरलेल्या बारीक रेषा त्याखाली बुजतात. फायबर आणि प्लास्टरची गोष्ट वेगळी, तिथे रंग हेच कपडे.

या पुतळ्याने करमरकरांचं नाव देशभर झालं. संस्थानिक, पुढारी, उद्योगपती यांच्या पुतळ्यांची कामं येत राहिली. पण त्यांचं मन रमलं ते सासवण्यात. तिथे त्यांनी सिमेंटसारखं रांगडं माध्यम हातात घेतलं. ब्राँझसाठी पैसा देणारा कुणी लागतो, सिमेंटला नाही. मग त्यांनी स्वतःच्या मनातलं केलं. गावातली माणसं, कोळणी, घरची मंडळी, कुत्रा, म्हैस. शंख फुंकणाऱ्या मुलीचं त्यांचं 'शंखध्वनी' हे शिल्प विशेष गाजलं.

साठच्या दशकात त्यांना पद्मश्री मिळाली. १३ जून १९६७ रोजी ते गेले. सासवण्याच्या त्यांच्या घरात आता संग्रहालय आहे. मांडव्याला बोटीतून उतरून अलिबागकडे निघालं की ते वाटेतच लागतं. अंगणात सिमेंटची म्हैस बसलेली आहे आणि नवखी माणसं तिच्याजवळ जाताना अजूनही जरा बिचकतात.